एकाच हाताचे चाळीस फॉर्म

संज्ञापन विभागातल्या मॅडमनी बावीस वर्षांत एकोणीस शोधनिबंध लिहिले. त्यातले अठरा आले कधी, गेले कधी, कुणाला पत्ता नाही. एकाने मात्र त्यांचं नाव केलं. घरी निघालेल्या पेशंटला नर्सने गोळ्या कशा समजावून सांगाव्यात, यावरचा तो निबंध. जितकं सविस्तर सांगाल तितक्या पेशंटच्या चुका कमी, असं त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. नऊ वर्षांत तीनशे बारा संशोधकांनी त्याचा आधार घेतला होता. विभागप्रमुख पाहुण्यांना आधी हा आकडा सांगायचे, मग मॅडमचं नाव.

मॅडमची प्राध्यापकपदाची मुलाखत तीन दिवसांवर असताना दूरच्या विद्यापीठातल्या एका अनोळखी मुलीची मेल आली. निबंध फार आवडला, एकच शंका होती. एक्याऐंशी ते एकशेवीस या नोंदी आधीच्या चाळीस नोंदींशी जवळपास तंतोतंत जुळतात; पेशंटकडून भरून घेतलेले मूळ फॉर्म बघायला मिळतील का?

तास रद्द करून मॅडमनी कपाटावरचा खोका खाली काढला आणि केबिनचं दार लावून फॉर्म जमिनीवर मांडले. एक्याऐंशीपासून पुढचे, स्त्रियांच्या वॉर्डातले चाळीसच्या चाळीस एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेले. प्रत्येक सातच्या पोटातून एक आडवी रेघ. तसं सात त्यांची थोरली नणंद काढायची. ती त्याच हॉस्पिटलात हेडनर्स होती आणि फॉर्म भरून घ्यायचं काम तिनेच आपणहून अंगावर घेतलं होतं.

दुपारी त्या नणंदेकडे गेल्या. ती इस्त्री करत होती. मॅडमनी एक फॉर्म पुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो वाचला आणि इस्त्री बंद केली.

"त्या वॉर्डात दोनच नर्स होत्या, त्यातली एक आजारी. फॉर्म भरून कोण घेणार?" ती म्हणाली. "तू रोज फोन करून माझं डोकं खात होतीस. आधीच्या वॉर्डाचे बघून भरले मी."

"मला सांगायचं होतंत, वन्सं."

"तू विचारलंस? गठ्ठा घ्यायला आलीस तेव्हा गाडीतून खालीसुद्धा उतरली नाहीस."

मॅडम फॉर्म उचलून उठल्या. निघताना नणंदेने एवढंच सांगितलं, की तिच्या निवृत्तीला सहा महिने उरलेत.

घरी नवऱ्याची इकडे आड तिकडे विहीर झाली. एकीकडे बायको, दुसरीकडे सख्खी बहीण. मुलाखत होऊ दे, मग काय ते कळव, तीन दिवसांत काही आभाळ कोसळत नाही, असं तो समजुतीने सांगत राहिला. मॅडमना ते पटलंही. दोन दिवस त्या पत्र लिहीत होत्या आणि पुसत होत्या. पण चाळीस फॉर्म वगळून हिशेब केला तेव्हा निबंधात दाखवलेला चुकांमधला फरकच नाहीसा झाला, आणि त्यावरून किती नर्सना शिकवलं गेलं असेल या विचाराने त्यांना गप्प राहवेना.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांनी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र पाठवलं. एका वॉर्डातले फॉर्म खोटे आहेत, ते तपासणं माझं काम होतं, मी केलं नाही. नणंदेचा उल्लेख त्यात नव्हता.

अकरा वाजता समितीच्या अध्यक्षांनी फाइल उघडली आणि कौतुकाने तीनशे बाराचा विषय काढला.

"तो आकडा धरू नका, सर. तो निबंध चुकीचा आहे. आज सकाळीच मी तो मागे घ्यायला कळवलंय."

एका सदस्याने पेनला टोपण लावलं. अर्ध्या तासाची मुलाखत सहा मिनिटांत आटोपली आणि पद दुसऱ्याला मिळालं.

निबंध रद्द व्हायला आठ महिने लागले. तेवढ्या काळात आणखी एकोणीस जणांनी त्याचा दाखला दिला. कुणी पुढे विचारलं नाही, त्यामुळे नणंद सुखरूप निवृत्त झाली. पण वर्षभर तिने या घराची पायरी चढली नाही. मॅडम मात्र त्याच वॉर्डांत सात महिने स्टुलावर बसून पुन्हा फॉर्म भरून घेत होत्या. या वेळी दिसलं ते वेगळंच. नर्सच्या लांबलचक सांगण्याने फारसं काही साधत नव्हतं. पेशंटकडून तेच त्याच्या शब्दांत वदवून घेतलं, की चुका कमी व्हायच्या.

एका दुपारी नणंद न कळवता आली. फॉर्म दाखव म्हणाली. एकशेवीस फॉर्म तिने एकेक करून पाहिले आणि दोन बाजूला काढले.

"यांच्यावर वॉर्ड चुकलाय. या नंबरच्या खाटा त्या वॉर्डात नाहीतच," ती म्हणाली.

चहा न घेताच ती गेली. मॅडमनी ते दोन फॉर्म घेतले आणि खात्री करायला लगेच हॉस्पिटल गाठलं.