‘मेर्जे’चे मूळ आणि केळुसकर सरांची पावले

केळुसकर सरांची आणि माझी पहिली भेट अबुधाबीतल्या त्यांच्या घरी, मराठी मंडळींच्या शनिवारच्या बैठकीत झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी नुकतीच इथे आले होते आणि दिवस दिवस कुणाशी बोलत नव्हते. सरांनी मला ‘दुकान’ हा शब्द कुठून आला असेल, असे विचारले आणि उत्तरासाठी खालच्या किराणावाल्याकडे पाठवले. त्याने मला अरबी ‘दुक्कान’ म्हणून दाखवले, वर घरची चौकशीही केली. परक्या शहरातले माझे ते पहिले संभाषण. सरांना शब्दापेक्षा तेच हवे होते, हे मला फार उशिरा उमगले.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर शब्दांची मुळे हौसेने शोधतात. त्यांच्या घरचा नियम असा की, ज्याला शंका आली त्यानेच उठून शब्दकोश आणायचा. मोबाइलला मनाई.

गेल्या वर्षी सरांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. हाड जुळले, पण पडण्याच्या धास्तीने ते खुर्ची सोडेनात. आता चालले नाहीत तर पुढे जमणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. व्यायाम करून घ्यायला योआना नावाची रुमानियन मुलगी घरी येई. सर तिला तिच्या भाषेतले शब्द विचारून वेळ काढत. एकदा मी तिथे असताना ती म्हणाली, आमच्याकडे चालण्याला ‘मेर्जे’ म्हणतात. लॅटिनमध्ये चालण्याचा जो धातू आहे त्यातूनच हे आले, असे सरांनी ठासून सांगितले. योआनाला ते पटेना. तो धातू त्यांच्या ‘उम्ब्ला’ या दुसऱ्या क्रियापदात आहे, असे ती शाळेत शिकली होती.

सर अस्वस्थ झाले. मी कोश आणायला उठले, तर सरांच्या पत्नी नलिनीकाकूंनी माझा हात धरला.

“तू बस गं. शंका कुणाची आहे?”

सरांनी काकूंकडे रागाने पाहिले. मग वॉकर ओढला, उठले आणि एकेक पाऊल टाकत आतल्या खोलीतल्या कपाटापर्यंत गेले. योआना हात पुढे धरून मागोमाग होती, पण तिने तो लावला नाही.

कोशात ‘मेर्जे’चा मूळ लॅटिन अर्थ निघाला बुडणे. बुडाले ते दिसेनासे होते. त्यावरून निघून जाणे, आणि पुढे चालणे.

“म्हणजे मी साफ चुकलो,” सर उभ्याउभ्याच म्हणाले. इतके खूश ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते.

“रोज चुकत जा,” काकू म्हणाल्या आणि डोळे पुसत चहा ठेवायला गेल्या.

पुढच्या बैठकीत सरांनी आधी आपली चूक सांगितली, मगच चहा घेतला.

आता संध्याकाळी आम्ही बैठकीतल्या बायका त्यांच्याबरोबर समुद्रकाठी कॉर्निशवर फिरायला जातो. ते पुढे, आम्ही चाळिशीतल्या मागे. मध्येच वळून ते म्हणतात, “यल्ला, चला बायांनो, दमलात?”

पंचाहत्तरीच्या आमच्या सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांच्यामागे धापा टाकण्याचे सुख आम्हाला अजून खूप वर्षे मिळो.