नावं ठेवणारा प्रेक्षक: अण्णांबरोबर क्रूझवर

अण्णांना क्रूझवर न्यायचं हे ठरवलं वहिनीनं, आणि न्यायची जबाबदारी आली माझ्यावर. वहिनीला स्वतःला सिल्लोडहून संभाजीनगरला येताना फुलंब्रीच्या आतच बस लागते, तिला समुद्रावर कोण नेणार. मी सिडकोत शिवणाचे क्लास घेते, फिरायला एका पायावर तयार असते, आणि अण्णांना उलट उत्तर देऊ शकणारी घरात मी एकटीच. म्हणून मी.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. सिल्लोडला त्यांची कापसाची आणि मक्याची अडत आहे. त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा शाळेत असताना दोरीच्या मल्लखांबावर अशी सरसर चढायची की बघणाऱ्याची मान दुखावी. तेव्हा हेच अण्णा तिला स्कूटरवर घेऊन स्पर्धांना फिरायचे. पुढं ती नृत्य शिकली, मुंबईला गेली आणि एका नव्या क्रूझ जहाजावर तिथल्या शोमध्ये काम करायला लागली. झालं, अण्णांचं डोकं फिरलं. कसरत वेगळी आणि लोकांच्या करमणुकीसाठी नाचणं वेगळं, असं म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं. दोन वर्षं. वहिनीचा फोन चालू असला की बाजूला बसून म्हणायचे, "जेवली का विचार तिला." एवढंच. अडतीवर कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, पोरगी मुंबईला कंपनीत आहे.

वहिनीनं दोन दिवस अबोला धरला तेव्हा कुठं अण्णा यायला तयार झाले, तेही अट घालून. "मी तिला भेटायला चाललो नाय. लोकं तिच्या कामाबद्दल काय बोलतात ते माझ्या कानानं ऐकतो. कुणी वंगाळ बोललं तर तिला तिथूनच घरी घेऊन येतो. सांगून ठेवतो, शोभे."

मी ऋतुजाला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, ते कुठं बसलेत तेवढं मला सांग. मला बास."

आता तुमच्या कामाचं. आम्ही मुंबईला भाड्याच्या गाडीनं, समृद्धी महामार्गावरून गेलो. रस्ता लोण्यासारखा, पण खाण्याची सोय अजून बेताचीच, तेव्हा डबा सोबत घ्या. आमच्याकडं वहिनीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. खोली आम्ही आतली, बिनखिडकीची घेतली. बाल्कनीवाली बरीच महाग पडते, आणि खरं सांगू का, खोलीत बसतंय कोण. तरी दोघांच्या तिकिटात एक बरी दुभती म्हैस आली असती, हे अण्णांनी शिर्डी येईपर्यंत मला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

बंदरावर सामानाची तपासणी विमानतळासारखीच होते. तिथं अण्णांच्या पिशवीतून एक नारळ निघाला. मी कपाळाला हात लावला. "समुद्राला वाहायला आणलाय," अण्णा शांतपणे म्हणाले. बाहेरचं खायचं काही आत जात नाही, म्हणून नारळ तिथंच राहिला. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. एका नारळासाठी माणूस इतका का खट्टू होतो, ते मला तेव्हा कळलं नाही.

जहाज मात्र बघून डोळे फाटले. आमच्या सिल्लोडच्या बाजारपेठेत मावेल त्यापेक्षा जास्त माणूस त्यात, आणि धक्काबुक्की नाही. आत शिरताच वर काचेची लिफ्ट, खाली कुणीतरी पियानो वाजवतंय. आणि ते नाटकघर. दोन मजली, उतरत्या खुर्च्या, मखमली पडदा, मागच्या भिंतीएवढा स्क्रीन. तिकिटातच सगळे शो असतात, पण जागा ॲपवरून आधी धरून ठेवावी लागते. कडेच्या खुर्च्या घेऊ नका, खांब आडवा येतो. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या रांगा उत्तम. आणि स्वेटर न्या, एसी असा की दात वाजतात.

पहिल्या संध्याकाळी माझे वाजलेच. अण्णांच्या पिशवीत शाल आहे हे मला ठाऊक होतं, संभाजीनगरच्या चौकातल्या दुकानातून घेतलेली कोरी करकरीत हिमरू शाल. म्हटलं, "द्या इकडं, मी गारठले." त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. "ती घालायची नाय."

"मग आणली कशाला?"

"असू दे."

त्या दिवशी समुद्र जरा खवळलेला होता. पडदा उघडायच्या आधी सूचना झाली की जहाज हलत असल्यामुळं उंचावरच्या कसरती आज होणार नाहीत. अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला की निराशेचा, कुणास ठाऊक. नाच मात्र झाला. जुन्या गाण्यांपासून नव्यापर्यंतचा, कपडे इतक्या झपाट्यानं बदलायचे की माझ्यातली शिंपीण हबकली. एवढी हुकं एवढ्या वेळात लावतात कशी. ऋतुजा नाचणाऱ्यांच्या तिसऱ्या रांगेत होती. मी दाखवायच्या आधीच अण्णांची नजर तिच्यावर गेलेली होती, आणि ती हटली नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याला लागलं. लोक उतरून किनाऱ्यावर गेले, आणि आमचे अण्णा नाष्ट्याच्या टेबलापासून कामाला लागले. काम म्हणजे काय, ते समजायला अण्णांचा धंदा समजला पाहिजे. कापूस घ्यायचा असला की अडत्या आधी त्याला नावं ठेवतो. ओला दिसतो, कचरा लई आहे, धागा आखूड आहे. मग समोरचा चिडून खरं काय ते बोलतो. अण्णा नेहमी म्हणतात, "जो नावं ठेवतो तोच घेतो. वाहवा करणारा नुसता हात लावून पुढं जातो." तर हीच युक्ती त्यांनी जहाजावर लावली.

इडलीच्या रांगेत एका पुण्याच्या गृहस्थांना म्हणाले, "रात्रीचा शो काय खास वाटला नाय बुवा."

"आवाज फार मोठा ठेवतात," ते म्हणाले. "पण मुलांची मेहनत दिसते हो. एकाचाही पाय चुकला नाही."

लिफ्टमध्ये सुरतच्या एका काकांना म्हणाले, "वो डान्स ठीक ही था." काकांनी मान हलवली. "जादूगर बेकार है, डान्स तो फर्स्ट क्लास है." जादूगाराबद्दल जहाजावर सगळ्यांचं एकमत होतं, बिचाऱ्याचं कबूतरसुद्धा कंटाळलेलं दिसायचं. विनोद सांगणारा बरा होता, पण त्याचे निम्मे विनोद इंग्रजीत असल्यामुळं आमच्या रांगेत हशा नेहमी उशिरा पोचायचा. कॉलेजची काही पोरं म्हणाली, गोव्यातल्या क्लबपेक्षा इथलं थिएटर भारी आहे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. वंगाळ असं कुणी बोललं नव्हतं, आणि मला वाटतं, त्याचीच त्यांना अडचण व्हायला लागली होती.

गोव्यात आम्ही उतरलो ते फक्त मासळीचं जेवण जेवायला. जहाजावर शाकाहारी आणि जैन दोन्ही वेगळं मिळतं, चव मध्यम, वरण बरं, चटणी नावालाच. तिखट खाणाऱ्यांनी घरून आणायचं म्हटलं तर आमच्या नारळासारखी गत होईल, तेव्हा सोसा.

त्या संध्याकाळी समुद्र निवांत होता. स्टेजवर अंधार झाला आणि छतातून दोन लांब केशरी पट्टे खाली सोडले. रेशमी कापडाचे. एक मुलगी ते हाताला गुंडाळत वर चढायला लागली, ना दोरी ना पट्टा, आणि मला सिल्लोडच्या शाळेचं मैदान आठवलं. तीच पकड, तोच पायाचा आकडा. ऋतुजा छतापर्यंत गेली. तिथं तिनं कापड कमरेला वळवून घेतलं, हात सोडले आणि गरगरत खाली आली. जमिनीला डोकं टेकायच्या आत थांबली. अख्ख्या नाटकघरात कुणी श्वास घेतला नसेल. मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की मला रडूच आलं, आणि मी ते खुशाल येऊ दिलं. अण्णांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत गेले नाहीत.

शेवटचा दिवस नुसता समुद्रावरचा. सकाळी बुफेला आमच्या शेजारच्या टेबलावर नाशिकच्या एक मावशी होत्या, मोठा आवाज, मोठं कुंकू, आल्यापासून सगळ्या जहाजाशी ओळख काढलेली. अण्णांनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सुरू केलं. "ती कापडावर लटकणारी पोरगी, ती काय एवढी खास नव्हती. एकदा तर हात सुटतो की काय असं झालं."

मावशींनी चमचा खाली ठेवला. "काल मी जादूगाराबद्दल विचारलं तेव्हा बरा होता म्हणालात, आणि या मुलीला नावं ठेवता? अहो, मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नाही. माझी सून मोबाईल बाजूला ठेवून बघत होती, आणखी काय सांगू? तुम्हाला मुलगी आहे का हो?"

अण्णा पिळून झालेलं लिंबू पुन्हा पिळायला लागले.

"नसणारच," मावशी म्हणाल्या. "असती तर असं बोलला नसतात."

अण्णांनी पोहे पुढं सरकवले. उठून डेकवर गेले आणि कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडं बघत उभे राहिले. मी जाऊन शेजारी उभी राहिले. म्हटलं, आता तरी कळलं का लोक काय बोलतात. ते म्हणाले, "मला पहिल्या दिवशी तिला बघितलं तेव्हाच कळलं होतं, शोभे. पण बोलायचं कसं ते कळंना. दोन वर्षं झाली. आता एकदम जाऊन काय बोलू तिला? जेवली का म्हणून विचारू?"

मी म्हटलं, "तेच विचारा. दोन वर्षं ती त्याच प्रश्नावर जगतीय."

शेवटच्या शोनंतर कलाकार बाहेरच्या दालनात उभे राहतात आणि प्रवासी त्यांच्याबरोबर फोटो काढतात. जाल तेव्हा ही रांग चुकवू नका, मेकअपमागची माणसं तिथं दिसतात. अण्णा गुपचूप रांगेत लागले, हातात ती पिशवी. आमच्या पुढं नेमक्या नाशिकच्या मावशी. त्यांनी ऋतुजाचे गाल धरले, दृष्ट काढली आणि मागं वळून अण्णांकडं बोट दाखवलं. "हे गृहस्थ आहेत ना, हे जहाजभर सांगत फिरतायत की तुझं काम खास नाही म्हणून. तू मुळीच लक्ष देऊ नकोस हं, बाळा."

ऋतुजानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांचा चेहरा असा पडला होता की मीच पुढं होऊन सगळं सांगणार होते. पण ऋतुजाच्या ओठांवर हळूहळू हसू यायला लागलं, आणि डोळ्यांत पाणी.

"मावशी," ती म्हणाली, "ते माझे वडील आहेत. कापसाचे अडते. कापूस घ्यायचा असला की ते आधी नावंच ठेवतात. वाहवा केली असती तर मी घाबरले असते."

मावशी तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या. अण्णांनी पिशवीतून शाल काढली, घडी मोडली आणि लेकीच्या खांद्यावर घातली, गावात भजनीबुवांचा सत्कार करतात तशी, दोन्ही हातांनी, नीट. मग खिशात हात घालून एक सफरचंद काढलं. बुफेवरून उचललेलं. "नारळ आणला होता," ते म्हणाले. "तो काढून घेतला त्यांनी."

मग ते तिच्या हातात ठेवत म्हणाले, "जेवलीस का?"

ऋतुजानं मान हलवली, नाही म्हणून, आणि ते सफरचंद तिथंच, फोटोवाल्यासमोर, मेकअपसकट खाल्लं. तोपर्यंत अण्णा तिचे तळहात उलटेपालटे करून बघत होते. कापड घासून पडलेले घट्टे होते त्यावर. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तेल लावत जा रात्रीचं."

शाल घालायची नाय असं ते मला का म्हणाले, ते मला तेव्हा कळलं. आमच्या अण्णांनी भाव ऐकायच्या आधीच सौदा केला होता, घरून निघतानाच.

परतीचा प्रवास आला तसाच. अण्णा गाडीत झोपले, म्हैस पुन्हा निघाली नाही.

तुम्ही विचाराल, जावं का क्रूझवर? जावं. समुद्रासाठी जावं, भांडी घासावी न लागणाऱ्या सकाळींसाठी जावं, आणि संध्याकाळी त्या नाटकघरात आवर्जून बसावं. जादूगाराच्या वेळी जेवून घ्यावं. आणि शो बघताना एवढं लक्षात ठेवावं की स्टेजवर जी कुणी आहे, तिचं घर कुठंतरी आहे, आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

मागच्या रविवारी मी सिल्लोडला गेले होते. अडतीवर वजनासाठी थांबलेल्या माणसांना अण्णा मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होते. चार-पाच जण "वा वा, लई भारी" म्हणून चहाकडं वळले. पिशोरकडचे एक म्हातारे शेतकरी मात्र चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून बघायला बसले. शेवटी म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पण खाली येताना डावा हात जरा उशिरा सोडला तिनं. घाबरली वाटतं."

"माझी लेक हाय ती," अण्णा म्हणाले. सगळ्या अडतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

म्हातारे ओशाळले. "माफ करा शेठ, मला काय ठाऊक. उगं नावं ठेवली."

अण्णांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं ओढली आणि पोऱ्याला अजून एक चहा सांगितला. "बसा," ते म्हणाले. "तुम्ही एकट्यानंच नीट बघितलं."