बेडूक आणि भूकंप

काल सुमनला आणायला तिच्या कॉलेजात गेलो, तर ती कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसली होती. माझी ही धाकटी बहीण प्राणिशास्त्र शिकवते. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, बेडकांचे तिने टिपलेले आवाज इतके साठले होते, की ऐकायला जन्म पुरला नसता. म्हणून गणिताला घाबरणारी सुमन चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकली. मोठ्या प्रश्नाचे छोटे तुकडे करायचे, त्यांतले सारखेपण हेरायचे आणि पायरीपायरीने संगणकाला सांगायचे. आता तिचा प्रोग्रॅम वाऱ्यापावसातूनही बेडकाची हाक वेगळी काढतो.

तेवढ्यात भूगर्भशास्त्राचे सर आत आले. "मॅडम, आमच्या भूकंपाच्या नोंदींत रस्त्यावरच्या ट्रकची थरथर मिसळते. तुमच्या पद्धतीने ती वेगळी काढता येईल?"

"बघू की! माझा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालणार नाही, पण विचार तोच. आधी ट्रकची थरथर कशी दिसते ते दाखवा."

दोघे पडद्यावर वाकले. बेडकाची हाक आणि जमिनीचा हादरा एकाच रीतीने उलगडू शकतात, याचे मला नवल वाटत राहिले. शाळेत आम्ही प्रत्येक विषयाला वेगळी वही घालत होतो.

सरांचे लक्ष माझ्याकडे गेले. "आपण?"

"सुमनचा भाऊ," मी म्हणालो, आणि नकळत ताठ उभा राहिलो.