चिखलातला पाणलावा आणि तीस बाय चाळीस

मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तुमच्यासमोर ठेवला, तर तुम्हाला त्यात चिखल दिसेल. कापणी झालेलं भातशेत, चिखलात उभी खुंटं, कडेला साचलेलं थोडं पाणी. "छान आहे," असं म्हणून तुम्ही पुढे जाल. या "छान"मध्ये किती दम असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. शेजारणीने आणून दिलेल्या फसलेल्या ढोकळ्यालाही आपण छानच म्हणतो.

त्या चिखलात पाणलावा बसलाय. पाणलावा म्हणजे लांब सरळ चोचीचा, कबुतराहून लहान पक्षी. थंडीत दूरच्या मुलखातून येतो आणि आपल्याकडच्या ओल्या शेतांत राहतो. पाठीवर तपकिरी-पिवळ्या रेघा अशा काही असतात की तो गप्प बसला की शेतात विरघळूनच जातो. गप्प बसणं हीच त्याची सगळी विद्या. आमच्या मैसूरच्या मराठी मंडळात ही विद्या अजून कोणाला आलेली नाही, मलाही नाही.

त्या सकाळी मी बन्नूरच्या अलीकडे एका बांधावर पालथा पडलो होतो. कोपरापर्यंत चिखल, शर्टात मुंग्या, पोटरीत गोळा. हा पक्षी उतरताना मी पाहिला होता, चालताना पाहिला होता, आणि मग वरून घार फिरली आणि तो जागच्या जागी थिजला. मी त्याच्याकडेच बघत होतो तरी तो दिसेनासा झाला. बघा, डोळ्यांसमोर! मी श्वास रोखून खुंटामागून खुंट तपासत राहिलो. तेवढ्यात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई बांधावरून आली आणि "पडलात का?" असं तिने कन्नडमध्ये विचारलं. "पक्षी," मी पुटपुटलो. तिने शेताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जरा लांबून वळसा घालून निघून गेली.

मग मला त्याचा डोळा सापडला. काळा, ओला, टाचणीच्या डोक्याएवढा. त्या डोळ्याभोवती हळूहळू अख्खा पक्षी तयार झाला, पाठ, चोच, सगळं. मी बटण दाबलं. नंतर बांधावर उठून बसलो आणि एकटाच हसलो. इतका आनंद मला पगारवाढीनेही कधी झाला नव्हता.

हूटगळ्ळीला घरी पोचलो तो तसाच, चिखलासकट, बायकोसमोर उभा राहिलो आणि कॅमेरा तिच्या नाकापुढे धरला.

"आधी ते कपडे बाहेर काढ," ती म्हणाली. "आणि सोफ्यावर बसायचं नाही."

"अगं फोटो बघ ना."

"बघितला. चिखल आहे. तुझ्या शर्टावरचा जास्त स्पष्ट दिसतोय."

मला राग आला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. बाकीच्या जगाने फोटो बघितला नाही तर जग गेलं उडत. पण हिने बघावा, निदान हा एक तरी नीट बघावा, असं मला फार वाटत होतं. तसं तोंडाने म्हणण्याऐवजी मी पाय आपटत न्हाणीघरात गेलो.

संध्याकाळी मी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "निवांत बघा. बन्नूर रोड." पक्ष्याचं नाव मुद्दाम दिलं नाही. म्हटलं, लोकांना शोधू दे, मजा येईल त्यांना. काय तो माझा भाबडेपणा!

ग्रुप चिडीचूप. याच ग्रुपवर मी आधी एक खारीचा फोटो टाकला होता. गोकुलमला एका कॉफीच्या दुकानाबाहेर पार्सलची वाट बघत उभा होतो. आत योगाच्या चटईची गुंडाळी बगलेत मारलेले फिरंगी, बाहेर कट्ट्यावर एक खार दोन हातांत इडलीचा तुकडा धरून खात होती. खिशातून मोबाईल काढला, टिपला, पार्सल घेतलं, घरी आलो. त्या फोटोवर लोक अक्षरशः तुटून पडले. "किती गोड!" "खारुताईचा नाश्ता!" एका काकूंनी तर तो घराच्या दारावर लावायला छापून मागितला. त्या फोटोत माझं काय होतं? इडलीसुद्धा दुसऱ्याची होती.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि रागाच्या भरात केलेला असला तरी तो बरोबर आहे असं माझं मत आहे. लोकांना जे आधीपासून आवडतं तेच त्यांना फोटोत परत भेटायला हवं असतं. मोर, सूर्यास्त, हत्तीचं पिल्लू, खार. बघितलं, ओळखलं, अंगठा दाबला, भाजी परतायला मोकळे. आणि फोटो काढणाऱ्याला आवडतो तो कोणता? ज्यासाठी त्याची कंबर गेली तो. आम्ही फोटो बघतच नसतो हो. मुंग्या चावलेल्या आठवतात, गार हवा आठवते, पोटरीतला गोळा आठवतो, आणि हे सगळं त्या चौकटीत उतरलंय अशी आमची समजूत असते. म्हणजे बाळंतिणीने कळांचं वर्णन करावं आणि बघणाऱ्यांना दिसावं नकटं पोर. बरं, ते नकटं आहे हे तिला कोण सांगणार?

तर ग्रुप चिडीचूप होता. आणि मग पहिला प्रश्न आला, मंडळाच्या सेक्रेटरींचा. "तीस बाय चाळीस का?"

इथे मला आमच्या लोकांबद्दल सांगायला हवं. आम्ही महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली माणसं. येताना सगळेच दोन-तीन वर्षांत परत जाणार होतो. आता प्रत्येकाची कुठे ना कुठे एक 'साईट' आहे. घर बांधायच्या प्लॉटला इथे साईट म्हणतात आणि तीस बाय चाळीस फूट हे तिचं सर्वमान्य माप. ज्याची साईट नाही तो ती शोधतोय, ज्याची आहे तो दुसरी शोधतोय. रविवारी आमच्याकडची माणसं सहकुटुंब साईट बघायला जातात. गाडीतून उतरायचं, ओसाड जमिनीवर हात मागे बांधून उभं राहायचं, पूर्व कुठे ते विचारायचं, आणि मोबाईलवर एक फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. सोबत रस्त्याचं नाव. रिकाम्या जमिनीचा फोटो म्हणजे साईट, हे आमच्यात इतकं पक्कं आहे की मी बन्नूर रोड लिहिताना तरी भानावर यायला हवं होतं.

प्रश्न धडाधड येऊ लागले. कॉर्नर आहे का. पूर्वेला तोंड आहे का. पाणी साचतंय, भराव घालावा लागेल. मी घाईघाईने लिहिलं, "अहो, फोटोत पक्षी आहे!"

"हो हो, पक्षीही छान," सेक्रेटरींनी लिहिलं. "पण समोरचा रस्ता किती फुटी?"

"ही जमीन विकायची नाही," मी लिहिलं. हे लिहिताना माझ्या डोक्यात काय होतं देव जाणे. विकायची नाही म्हटल्यावर सगळ्यांची खात्रीच पटली की मी ती घेतली. मग जो पूर आला, काय सांगू! अभिनंदन, पुष्पगुच्छ, केक, जोडलेले हात, पेढे कधी, फार्महाऊसला हुरड्याला बोलवा. खारीलाही मिळाली नव्हती इतकी दाद त्या फोटोला मिळाली. एकाही माणसाने पक्षी पाहिला नव्हता.

मी तो फोटो मग तिथून काढून टाकला. त्याने संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी पँट लहान करायला शिंप्याकडे गेलो. हे आजोबा इथले जुने मराठी, पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचे. त्यांची मराठी कन्नडच्या फोडणीशिवाय होत नाही. मला बघताच म्हणाले, "काय सार, बन्नूरला जमीन घेतलास म्हणे? तुंब चांगलं केलास बघ, अल्वा?" तुंब म्हणजे फार, अल्वा म्हणजे हो ना. नाही घेतली, असं मी सांगितलं. त्यांनी तोंडातली टाचणी काढली आणि डोळा मिचकावला. "सरी, सरी. मी कोणाला सांगत नाही."

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. बायकोला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ती त्या ग्रुपवर नाही, तिच्या मते तिथे रिकामटेकडे पुरुष असतात. संक्रांतीचे दिवस होते. ती हळदीकुंकवाला गेली आणि परत आली ती दार आपटतच.

"चार बायकांनी मला वाणाबरोबर अभिनंदन दिलं," ती म्हणाली. "सेक्रेटरीची बायको म्हणते, नशीबवान आहेस हो, आमचे तर अजून शोधतायत. मी काय करायचं? तिळगूळ चघळत हसायचं?"

"अगं, तो फोटो होता. पाणलाव्याचा."

"कोणाचा?"

"त्या चिखलात पक्षी आहे."

ती हसेल अशी माझी अपेक्षा होती. ती खुर्चीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले. मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. म्हणाली, "जमिनीचं मला खरं वाटलं नाही. तुला घरातला बल्ब बदलायला तीन आठवडे लागतात. पण तिथे सगळ्यांना तुझ्याबद्दल काहीतरी माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. किती वाईट दिसलं ते. तू दर रविवारी पहाटे जातोस, तिथे काय करतोस ते मला कुठे ठाऊक आहे?"

मग माझाही पारा चढला. "दाखवायला आलो होतो की! चिखल म्हणालीस. आजपर्यंत माझा एक फोटो तरी नीट पाहिलास?"

"आणि तू नीट दाखवलास? ओल्या चपला घालून नाकात कॅमेरा खुपसतोस आणि आता वाहवा कर म्हणतोस. दाखव पक्षी कुठाय."

"मी दाखवणार नाही. बोट ठेवून दाखवला तर त्यात काय राहिलं?"

"अरे वा! म्हणजे तुमच्या पक्ष्याची परीक्षा द्यायची आम्ही."

"हो, दे."

हे असं मी म्हणालो. आता वाटतं, थोबाड फोडून घ्यावं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की ही आत्ता "नाही दिसत जा" म्हणून उठली, तर मी पुन्हा कधी तिला काही दाखवायला येणार नाही. तिलाही ते कळलं असणार, कारण ती उठली ती आतून चष्मा आणायला.

मी कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून दिला. माझ्या रोजच्या कामाच्या पडद्यावर तो कितीतरी दिवस लावलेलाच होता. ती टेबलाशी बसली, मी मागे उभा राहिलो. तिने घाई केली नाही. ताटात तांदूळ निवडायला घेतात तशी खालून, उजवीकडून सुरुवात केली, एक पट्टा संपवून वरचा पट्टा. खुंट, पाणी, ढेकूळ, खुंट. मी उजवीकडे वर बघायचं टाळत होतो, माझ्या नजरेवरून तिने ओळखू नये म्हणून. कुकरची शिट्टी झाली. तिने हात वर करून मला गॅस बंद करायची खूण केली. मी धावत जाऊन बंद केला आणि परत आलो.

"हा," ती म्हणाली.

तिचं बोट पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, पार खाली होतं. माझा पाणलावा उजवीकडे वर बसलेला. माझा हिरमोड झाला. मनात आलं, हो म्हणून टाकावं. एवढा वेळ बसली बिचारी, ढेकळाला पक्षी म्हणाली तर म्हणू दे. मी म्हणालो, "हो. छान. सापडला."

"थांब, माझं संपलं नाही," असं म्हणून ती तशीच पट्ट्यापट्ट्याने वर सरकत गेली, आणि मग दुसरं बोट नेमकं माझ्या पाणलाव्यावर ठेवलं. "आणि हा दुसरा. दोन आहेत ना?"

"एकच आहे," मी म्हणालो.

"दोन आहेत रे."

"अगं, मी तिथे होतो!"

 तिने माझा हात धरून माऊसवर ठेवला. मी डावा कोपरा मोठा केला. ढेकूळ. आणखी मोठा केला. ढेकळाला रेघा होत्या. त्या रेघांच्या टोकाला लांब सरळ चोच होती, आणि चोचीच्या वर एक काळा डोळा सरळ माझ्या कॅमेऱ्याकडे रोखलेला होता. मी बांधावर पडलो होतो त्या जागेपासून तो पहिल्यापेक्षा कितीतरी जवळ होता, निम्म्या अंतरावर म्हटलं तरी चालेल. एवढे दिवस तो फोटो माझ्यासमोर होता. लोकांना नजर नाही म्हणून मी जगावर चरफडत होतो.

 "मला हा दिसलाच नव्हता गं," मी म्हणालो.

ती वळलीच नाही. पदराने चष्म्याची काच पुसून तिने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि कोपराने मला बाजूला ढकललं.

"सरक जरा," ती म्हणाली. "उजेड अडवतोयस. अजून असतील."