प्लाझ्मा देण्याआधी पुऱ्या खाऊ नयेत

लग्न होऊन वॉलॉंगॉंगला आले आणि पहिल्याच महिन्यात नवऱ्याची एक गोष्ट मला पाठ झाली. ऑस्ट्रेलियात येण्याआधी तो दोन वर्षं अमेरिकेत शिकत होता. तिथे म्हणे प्लाझ्मा दिला की पैसे मिळायचे. हा दर आठवड्याला जायचा, खुर्चीत आडवा व्हायचा, आणि त्या पैशांतून त्याने आपली सगळी पुस्तकं घेतली. चार मराठी घरं जमली की ही गोष्ट व्हायचीच, आणि सांगताना तो शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडायचा. "सुई अश्शी आत जाते," असं म्हणाला की पोहे खाणाऱ्या बायका बशा खाली ठेवायच्या.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तो पोर्ट केम्बलाच्या स्टीलच्या कारखान्यात इंजिनियर, मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत अर्धवेळ. भाड्याचं घर समुद्राजवळ होतं, हे ठाण्याला पत्रात लिहायला छान वाटायचं. पण हिवाळ्यात खिडक्यांच्या फटींतून वारा असा यायचा की आम्ही घरात कोट घालून जेवायचो. हीटर घ्यायचा हे रोज ठरत होतं.

अशात एके दिवशी तो कामावरून उड्या मारतच आला. कॅन्टीनमध्ये कागद लागला होता, गावातल्या रक्तकेंद्राला प्लाझ्मा देणारे हवे होते.

"दोघं जाऊ," तो म्हणाला. "हीटर आलाच म्हणून समज."

"मला जमेल?"

"मी आहे ना!"

पुढचा आठवडा माझी तयारी करून घेण्यात गेला. पाणी भरपूर पी. बाही सैल हवी. सुई टोचताना भिंतीकडे बघ, सुईकडे नाही. टीव्ही बघताना त्याने माझ्या हातात टेनिसचा चेंडू दिला आणि दाबायला लावला. "शिरा उठून आल्या पाहिजेत," म्हणायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आदल्या रात्री पोट भरून जेवायचं, अंगात ताकद हवी. म्हणून मी पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, दही टांगून श्रीखंड केलं. त्याने मला मोजून खाऊ दिलं नाही. "घे अजून दोन. उद्या कळेल तुला."

उद्या कळलंच.

केंद्रात काउंटरवर पिकल्या केसांच्या, लाल लिपस्टिक लावलेल्या एक बाई होत्या. नवरा खाकरला आणि अगदी व्यवहारी आवाजात त्याने विचारलं, इथे पैशांचं कसं असतं?

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "अरे बाळा, तुला काही द्यावं लागत नाही. फुकट असतं."

"नाही, म्हणजे... तुम्ही आम्हाला."

 बाई इतक्या मोठ्याने हसल्या की आतून एक नर्स डोकावली. "मिल्कशेक मिळतो, डार्ल. चॉकलेट किंवा स्ट्रॉबेरी."

ऑस्ट्रेलियात रक्ताचे पैसे देत नाहीत, ही साधी गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती, आणि आम्हीही कोणाला विचारली नव्हती. नवऱ्याचे कान लाल झाले. तो मराठीत पुटपुटला, "चल, जाऊ या."

"आता?" मी म्हटलं. "पैसे नाहीत म्हटल्यावर निघून गेलो तर काय म्हणतील? बस गुपचूप."

आम्ही बसलो.

मला आधी एका छोट्या खोलीत नेलं. तिथल्या नर्सने असे प्रश्न विचारले की आईनेही मला कधी विचारले नसते. कोणाबरोबर, किती जणांबरोबर, अंगावर कुठे गोंदलंय का. मी प्रत्येक प्रश्नाला आधी "नो" म्हणत गेले. शेवटी तिने हसून विचारलं, "पण तुझं लग्न झालंय ना?" तेव्हा एका उत्तरात दुरुस्ती करावी लागली. मग तिने बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब बुडाला तर पास, तरंगला तर नापास. माझा बुडाला. आयुष्यात बुडण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

डिसेंबरमध्ये आम्ही भारतात जाऊन आलो होतो. नर्स म्हणाली, मलेरियामुळे तुमच्या लाल पेशी आम्हाला सध्या चालायच्या नाहीत, पण प्लाझ्मा चालेल. म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी त्यांचं आणि बाकी सगळं मला परत. हा सौदा मला एकदम पटला.

टेकायची लांब खुर्ची होती, शेजारी कपड्यांच्या कपाटाएवढं मशीन. सुई जाताना मी भिंतीकडे बघितलं. तिथे कांगारूचं कॅलेंडर होतं. नवऱ्याने सांगितलं होतं त्यापेक्षा दुखलं कमी. मशीन घरघरायला लागलं. दंडाचा पट्टा आवळला की मी मूठ दाबायची, सैल झाला की थांबायची. रक्त परत आत येताना हात गार पडायचा आणि ओठांना मुंग्या यायच्या. तसं सांगितल्यावर नर्सने चघळायला कॅल्शियमची एक गोळी दिली. मग मुंग्या थांबल्या आणि मी ऐटीत पडून राहिले.

थोड्या वेळाने तीच नर्स पिशवीजवळ थांबली. तिने दुसरीला बोलावलं. दोघी वाकून बघायला लागल्या. मीही मान वळवली. शेजारच्या माणसाच्या पिशवीत वरणाच्या निवळीसारखा स्वच्छ पिवळा रंग होता. माझ्या पिशवीत घट्ट, पांढुरकं काहीतरी होतं. थेट पियूषच.

"काल रात्री टीला काय घेतलंस, लव्ह?"

"दोन कप," मी म्हटलं. "आलं घालून."

इथे रात्रीच्या जेवणाला टी म्हणतात हे मला नंतर समजलं. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी पुऱ्यांचं सांगितलं. पुरी म्हणजे काय ते सांगितलं. किती खाल्ल्या तेही सांगावं लागलं.

"तेलात बुडवून तळलेल्या? सगळ्या?" ती म्हणाली. "डार्लिंग, तुझ्या पिशवीत आम्हाला तुझं जेवण दिसतंय."

ती पिशवी टाकून द्यावी लागणार होती. मला रडू येईल की हसू, ठरत नव्हतं. मी नवऱ्याला शोधायला मान वर केली. समोरच्या रांगेत तो खुर्चीत बसला होता, बाही दुमडून, अगदी पार्टीत दुमडायचा तशी. एक धिप्पाड नर्स त्याचे दोन्ही कोपर आलटून पालटून बघत होती.

"तू खूप वेळा दिलायस म्हणालास?"

"येस. अमेरिकेत."

"नेहमी देणाऱ्यांना इथे खळगा पडतो." तिने स्वतःच्या कोपरावर बोट ठेवलं. "तुझा हात तर तान्ह्या बाळासारखा आहे, मेट."

ती सुईचं पाकीट फाडायला वळली. नवरा भिंतीकडे बघत होता, पण पाकिटाचा आवाज भिंतीकडे बघूनही ऐकू येतो. त्याचा चेहरा आधी पिवळा, मग पांढरा झाला आणि मान कलंडली. खुर्चीची पाठ खाली गेली, पाय वर आले. कपाळावर ओला रुमाल ठेवला गेला. सुई अजून पाकिटातच होती.

त्यालाही मिल्कशेक मिळाला, स्ट्रॉबेरी.

तासभर तिथेच बसवून मग त्यांनी आम्हाला सोडलं. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मी कधीच दिला नव्हता," तो म्हणाला.

"कळलं मला."

"रूममेट द्यायचा. नागपूरचा होता. एकदा मीही बसलो होतो खुर्चीत. पळून आलो."

"आणि दर आठवड्याला जायचास ते?"

"त्याच्याबरोबर जायचो, बसने. त्याला नंतर चक्कर यायची, म्हणून त्याची बॅग धरायला. पुस्तकांचा एकच सेट होता, त्याच्या पैशांचा. दोघांनी वापरला. मी स्वयंपाक करायचो दोघांचा."

 "मग हीच गोष्ट सांग की लोकांना. ही जास्त चांगली आहे."

"ह्यात मी नुसता भात लावतोय गं!"

मी इतकी हसले की कोपराची पट्टी सुटली. शेवटी तोही हसला. त्यानंतर त्याने ती गोष्ट सांगितलीच नाही असं नाही. पण बाही दुमडणं बंद झालं, आणि एकदोनदा नागपूरचा रूममेटही आला गोष्टीत.

मी मात्र पुन्हा गेले. त्या पियूषाची भरपाई करायची होती. दोन दिवस मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण खाऊन गेले, आणि पिशवी सोन्यासारखी भरली. नर्सने ती उचलून सगळ्यांना दाखवली. मग दर पंधरवड्याला जायची सवयच लागली. तो मला सोडायचा आणि बाहेरच्या टेबलावर पेपर वाचत बसायचा. लाल लिपस्टिकच्या बाई त्याला बिस्किटं द्यायच्या. काही न देता फक्त खाऊन जाणारा तो केंद्रातला एकटाच होता. हीटर आम्ही पगारातून घेतला.

वर्षभराने मला दिवस गेले. नियमाप्रमाणे आता प्लाझ्मा द्यायचा नव्हता, म्हणून मी अपॉइंटमेंट रद्द करायला फोन उचलला. दोन्ही घरांच्या आधी ही बातमी केंद्राला कळणार होती.

"थांब," नवरा म्हणाला. "रद्द कशाला? वेळ घेतलेली आहे ना?"

"मग कोण जाणार?"

"मी."

मला वाटलं गंमत करतोय. पण घेतलेली वेळ वाया घालवणं त्याच्याने खरंच होत नाही. डेंटिस्टकडेही तो असाच जातो. तीन दिवस त्याने तेलाचा थेंब खाल्ला नाही. त्या दिवशी अर्धी रजा टाकली.

खुर्चीत बसल्यावर त्याने डोळे गच्च मिटले. "बोल काहीतरी," म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नकोस."

मी बाळाची नावं सांगायला लागले. आधी मुलींची, मग मुलांची. सुई गेली तेव्हा मी ऋ अक्षरावर होते, आणि त्याने माझा हात असा आवळला की मीच ओरडले.

"चेंडू दाब, मेट," तीच धिप्पाड नर्स म्हणाली. "बायकोला नको."

बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. पिशवीत पिवळं, नितळ पाणी चढत होतं.

"हे माझं?"

"तुझंच."

तो बघतच राहिला. मशीनमध्ये काय फिरतं, किती वेगाने फिरतं, पेशी वेगळ्या कशा होतात, हे त्याने नर्सला विचारायला सुरुवात केली आणि इंजिनियर जागा झाला. पट्टी लावेपर्यंत त्याने पुढची तारीखही घेऊन टाकली.

पहिल्यांदाच दिल्यामुळे नर्सने त्याला गाडी चालवू दिली नाही. माझ्याकडे शिकाऊ लायसन्स होतं आणि मोठ्या रस्त्यावर मी कधी गाडी नेली नव्हती. तो शेजारी बसला, पट्टी लावलेला हात छातीशी धरून, आणि घरापर्यंत प्रत्येक सिग्नलला "ब्रेक, ब्रेक" म्हणत राहिला. सिग्नल हिरवा असला तरीही.