ओर्विएतोच्या विहिरीत हरेश्वर

एडवणचा विश्राम विमानात बसला नव्हता, तोवर इटलीत तो काय काय पिणार याची यादी गावाने तयार ठेवली होती. लेक दिशा आणि जावई हर्षित तिकडे नोकरीला, त्यांनीच बोलावलेलं. पण विश्राम निघाला होता तो एकापासून सुटायला. थोरला भाऊ हरेश्वर जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षं विश्रामच्या मागून अनवाणी पावलं चालत होती. ओल्या पाटातून पाय उचलावा तसा आवाज. वळून बघावं तर कोणी नाही. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. समुद्रापलीकडे मेलेलं माणूस येत नाही, असा त्याचा हिशेब.

दिशाने त्याला ओर्विएतोला नेलं. कड्यावर वसलेलं जुनं शहर. तिथलं भलंमोठं चर्च काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. ते बघून विश्राम म्हणाला, देवाला लुंगी नेसवलीय. दिशा हसली. सकाळपासून मागे पावलं नव्हती, म्हणून गडी खुशीत होता.

मग विहीर. पाचशे वर्षांची, आत दोन गोल जिने. एकाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं. उतरणारा आणि चढणारा कधी भेटत नाहीत, फक्त मधल्या खिडक्यांतून पलीकडे दिसतात. विश्राम अर्ध्यावर पोचला आणि त्याने सहज समोर पाहिलं. पलीकडच्या खिडकीत हरेश्वर वर चढत होता. अंगात बनियन, कमरेला रुमाल, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. त्याने विश्रामकडे बघितलंही नाही. दिशा पुढे फोटो काढत होती. तिला वाटलं, बाबांना दम लागला.

दुपारी ती त्याला जवळच्या वायनरीत घेऊन गेली. द्राक्षांच्या मळ्याच्या तोंडाशी विश्रामने बूट काढले. आपल्याकडे पानवेलीच्या वाडीत कोणी वहाणा घालून शिरत नाही. विश्रामच्या लेखी वेल ती वेल. दिशा ओशाळली, पण म्हातारी मालकीण खूश झाली. तिचं बोलणं दिशाने मराठीत सांगितलं: बरं केलंत, आम्हीही पाहुण्यांच्या बुटांचे तळ धुऊन घेतो. दुसऱ्याच्या मळ्यातला रोग बुटाच्या मातीतून येतो. माझ्या वडिलांनी असाच आणला, अर्धा मळा मुळातून कुजला.

विश्राम तिथेच बांधावर बसला. समोर ठेवलेला वाइनचा पेला त्याने हातात घेतला नाही.

नऊ वर्षांपूर्वी हरेश्वर आणि त्याची बायको माई चिंचणीला लग्नाला गेली होती. विश्राम सफाळ्याकडे एका पाहुण्याची रोगट पानवाडी बघून आला आणि घाईत, त्याच वहाणांनी, भावाच्या वाडीत पंप बंद करायला शिरला. दोन महिन्यांत वेली बुडातून गेल्या. त्या दुःखाने पावसाळ्याआधी हरेश्वर गेला. गावाने ठरवलं, माई विटाळशी असताना वाडीत शिरली असणार. हे बोलणाऱ्या तोंडांत आपलीही तोंडं होती, आता सोवळ्यात कशाला बसा! तेव्हापासून माईला कोणी आपल्या वाडीच्या बांधावर उभी करत नाही. आणि विश्राम गप्प राहिला. रीत म्हणजे नुसती अंधश्रद्धा, वहाणांनी काय होतं, अशी स्वतःची समजूत घालत राहिला. आज त्या म्हातारीने तेवढाही आडोसा काढून घेतला.

त्याने दिशाच्या फोनवरून माईला फोन लावला. एडवणात दिवेलागण झालेली.

"वैनी, वाडीत वहाणा घालून मी गेलतो."

 माई म्हणाली, "ठावं हाय. लग्नावरून आलो तवा तुमच्या वहाणांचे ठसे मीच पुसले. भाव-भाव वैरी झाले असते."

"दादाला ठावं होतं?"

"मी नाय सांगितलं. पन आता त्यांना सगलं कळतंय. भावजी, हे मला एकटीला सांगून काय उपयोग? देवलात आरतीला सारी जमतात, तवा बोला. तोवर ते काय तुमच्या मागून हलायचे नायत."

विश्रामने मानेनेच हो म्हटलं. फोनवर मान दिसत नाही, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

"येतो," तो म्हणाला.