प्रश्न माझे, नाव बेहालाच्या सरांचं

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. माझ्या वर्गातल्या माधबीने मला कॉमन रूमच्या कोपऱ्यात ओढलं, मागेपुढे पाहिलं आणि वहीच्या कव्हरमधून एक घडी घातलेला कागद काढला. ''कोणाला दाखवायचा नाही हं... बेहालाच्या सरांचं सजेशन आहे!''

कलकत्ता, सत्तरचं दशक नुकतंच लागलेलं. आमचा बी.ए.चा विषय सायकॉलॉजी. परीक्षा दोनदा पुढे ढकललेली, शहरात रोज काहीतरी बंद... आणि अभ्यास म्हणजे 'सजेशन'. बेहाला उपनगरातल्या या सरांसारख्या कुठल्यातरी शिकवणीवाल्या सरांनी काढलेले, हमखास येणारे दहा-बारा प्रश्न, हाताने उतरवून मुलींमध्ये फिरायचे. त्यातला पेपरात आला की तो 'कॉमन' पडला म्हणायचं. सबंध पुस्तक वाचणारी मुलगी वेडी ठरायची... ती वेडी मी.

मी कागद उलगडला. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला आणि माझं डोकंच फिरलं. ते प्रश्न माझे होते!

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावलेली सवय. धडा संपला की पुस्तक मिटायचं आणि स्वतःला प्रश्न विचारायचे. ज्याचं उत्तर येत नाही तेवढेच लिहून ठेवायचे. मी तसे बारा प्रश्न वहीत लिहिले होते आणि ती वही शिप्रा नावाच्या वर्गमैत्रिणीने दुर्गापूजेच्या सुट्टीआधी 'फक्त एका दिवसासाठी' नेली होती. तीन आठवड्यांनी वही परत आली, चहाच्या डागासकट. प्रश्न मात्र बेहालापर्यंत फिरून आले होते!

पुरावा हवा? आठवा प्रश्न बघा... बंदरावर दिवसभर पेट्या उघडणारा कस्टम्सचा अधिकारी घरी आलेल्या पाहुण्यांच्या पिशव्यांकडेही संशयाने का बघतो? हे माझे बाबा! आम्ही मराठी, पण राहायचो तिथल्या बंदराजवळ, खिदिरपूरला; बाबा कस्टम्समध्ये. या कागदावर त्यांना आता तीन चांदण्या मिळाल्या होत्या... 'अत्यंत महत्त्वाचा'.

शिवाय आकडे घालताना मी सहानंतर एकदम आठ लिहिलं होतं. निव्वळ धांदरटपणा. या कागदावरही सहानंतर आठच! मी विजयाने बोट ठेवलं, तर माधबीने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

''अगं, सात नंबर सरांनी मुद्दाम ठेवून घेतलाय. शेवटच्या दिवशी देणार आहेत.''

आठवडाभर अख्खं कॉलेज सात नंबर शोधत होतं. एकीला म्हणे तो मावसभावाकडून मिळाला होता, पण ती सांगत नव्हती. मी घसा फोडून सांगत होते की सात नंबर नाहीच मुळी, मी मोजायला चुकले... कोणी ऐकेल तर शपथ! उलट मीच सगळ्यांना फसवायला निघालेय, अशी कुजबुज सुरू झाली.

घरी बाबांना सांगितलं, तर ते पेपरामागून म्हणाले, ''सही केली होतीस का खाली? नाही ना? मग तो बेवारस माल. गोदीत आम्ही असल्या मालाचा लिलाव करतो.'' आईसुद्धा हसली. मला रडू यायचं बाकी होतं.

माझी काळजी खोटी नव्हती. माधबी आदल्या वर्षी नापास झाली होती. बागबाजारातल्या एका शाळेत मोठ्या बाईंनी तिच्यासाठी शिक्षिकेची जागा धरून ठेवली होती, पण फक्त या निकालापर्यंत. आणि ही बाई पुस्तक बाजूला ठेवून माझ्या कच्च्या धड्यांवर सगळं आयुष्य लावून बसलेली! मी तिला शेवटचं विनवलं, ''बाकीचंही वाच गं.'' ती म्हणाली, ''तुला जळायला काय झालं?''

झालं. मी ती यादी कपाटात कोंबली. जे प्रश्न साऱ्या कलकत्त्याने ओरबाडले त्यांच्याकडे आता ढुंकूनही बघायचं नाही, असं ठरवलं आणि रागारागाने उरलेलं पुस्तक वाचून काढलं.

पेपर हातात आला. दुसराच प्रश्न... नवीन पाठ केलेलं जुन्याला कसं पुसून टाकतं, प्रयोगासह स्पष्ट करा. माझ्या यादीतला चौथा! मी पेनाचं टोपण चावत अर्धं पान कसंबसं भरलं. पुढच्या बाकावर माधबी मान खाली घालून लिहीत सुटली होती. दोनदा तर तिने जादा पुरवण्या मागितल्या.

निकाल लागायला तेव्हा महिनोन् महिने जायचे. लागला त्या दिवशी माधबी संदेश मिठाईचा डबा घेऊन थेट खिदिरपूरला आली. पास झाली होती, शाळेची जागा पक्की. पास मीही झाले होते, पण त्याच पेपरात माझे मार्क घसरले होते. आता बेहालाला जाऊन सरांच्या पाया पडायचं, असं ती सांगू लागली तेव्हा मला राहवलं नाही. ''माधबी, ते प्रश्न खरंच माझे होते गं.''

ती रागावली नाही. माझ्या हातावर आणखी एक संदेश ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, ''ओ मा! तुझे असते तर तुला उत्तर आलं नसतं?''

मला उत्तर येत नव्हतं म्हणूनच तो प्रश्न माझा होता... हे बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात संदेश होता आणि मनात लाज. प्रश्न काढून मी वही मिटली होती. बसून उत्तरं शोधली ती तिने, एकेक करून. पुढे तिने त्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं.

पेपरात छान लिहिलं होतंस हो, माधबी. तुला मराठी वाचता येत नाही, एवढंच काय ते बरं आहे.